कांचघरांतील चूल

लंडन पाहून परभणीस परत आल्यापासून जो भेटतो तो आम्हांस राजवाड्याविषयीं विचारतो. राजवाडा आम्हीं बाहेरूनच पाहिला. आमच्या मनांत घर करून राहिली आहे ती पूर्व लंडनमधील ब्रिक लेन या गल्लीच्या कोपऱ्यावरील विटांची एक इमारत. फ्रान्समध्यें धर्मछळ सोसून परागंदा झालेल्या ह्यूगेनो पंथीयांच्या वंशजांनीं ती १७४३ सालीं प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. पुढें ती मेथॉडिस्टांकडे गेली. १८९८ मध्यें पूर्व युरोपांतून आलेल्या यहुद्यांनीं तेथें आपलें सिनेगॉग केलें. आणि १९७६ पासून ती सिल्हेटकडील बंगाली मुसलमानांची मशीद आहे. भिंती त्याच, वरचें सूर्यघड्याळही तेंच. देवास हांक मारण्याची भाषा तेवढी बदलत गेली. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें लंडनांतील दर दहांपैकीं चार माणसें ब्रिटनबाहेर जन्मलेलीं आहेत. हा आंकडा आम्हीं पूर्वींच वाचला होता. त्याचा अर्थ मात्र त्या कोपऱ्यावर उभें राहिल्यावर कळला.

काय हें उदार शहर, असे उद्गार आमच्या तोंडून निघणारच होते. परंतु तेथून जवळच एक बाग आहे. ४ मे १९७८ रोजीं अल्ताब अली हा कपड्यांच्या कारखान्यांतील तरुण कामगार काम आटोपून घरीं निघाला असतां तेथें त्याचा खून झाला. त्याचा वर्ण हाच त्याचा अपराध. दहा दिवसांनीं त्याची शवपेटी पुढें घेऊन हजारों लोक पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. आज त्या बागेस त्याचें नांव आहे. औदार्य त्या शहराच्या मातींतच आहे, असें म्हणण्याचें धैर्य मग आम्हांस झालें नाहीं.

आपल्या माणसांचा या शहराशीं संबंध वाटतो त्याहून जुना आहे. पेशवाईच्या आशेनें इंग्रजांस जाऊन मिळालेल्या रघुनाथरावदादांनीं आपलें गाऱ्हाणें सांगण्यास थेट विलायतेस वकील पाठविले. हणमंतराव हे ब्राह्मण, मणियार हे पारशी गृहस्थ, आणि मणियारांचे चिरंजीव. ही मंडळी १७८१ सालीं इंग्लंडांत होती. राजकारण राहूं द्या; हणमंतरावांपुढें पहिला प्रश्न होता तो जेवणाचा! परक्या हातचें अन्न चालावयाचें नाहीं, आणि लंडनच्या बिऱ्हाडांत सोंवळें संभाळावें कसें? त्यांची ही आबाळ एडमंड बर्क याच्या कानीं गेली. पुढें वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटांत आरोप ठेवणारा तोच हा बर्क. तो त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं घेऊन गेला, आणि थंडीपासून नाजूक झाडें जपण्यासाठीं बागेंत जें कांचघर असतें, तें त्यानें त्यांस मोकळें करून दिलें. तेथें हणमंतराव आपला स्वयंपाक आपल्या हातानें, आपल्या आचाराप्रमाणें करूं लागले. कुंड्या बाजूस सारलेल्या, कांचेंतून इंग्लंडचें फिकें ऊन आंत आलेलें, आणि मध्यें एक मराठी ब्राह्मण चूल फुंकीत बसलेला, असें चित्र आम्ही मनाशीं रंगवितों. बर्कला सोंवळें पटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण कांचघराचें दार उघडण्यापूर्वीं तें पटण्याची वाट तो पाहत बसला नाहीं, यांतच त्याचें मोठेपण.

वकिली फुकट गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें इंग्रजांनीं दादांचा पक्ष सोडला. दादा कोपरगांवास येऊन राहिले आणि १७८३ मध्यें वारले. वकील मायदेशीं परतले तेव्हां समुद्रगमनाच्या दोषासाठीं त्यांस सुवर्णयोनींतून पार होण्याचें प्रायश्चित्त घ्यावें लागलें, असें विल्फर्ड या इंग्रज पंडितानें लिहून ठेविलें आहे. परक्यानें कांचघर दिलें आणि घरच्यांनीं प्रायश्चित्त! त्यांच्यामागून साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठीं रंगो बापूजी लंडनांत सुमारें चौदा वर्षें झगडले. तेंही व्यर्थ गेलें. आज मात्र १९३२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची लंडनांत स्वतःची वास्तु आहे आणि तेथें गणपति बसतो. चुलीचा प्रश्न तर कोणास आठवतही नसेल.

दादांनीं अखेरचे दिवस ज्या गोदातीरीं काढले, तीच गोदा पुढें आमच्या गंगाखेडावरून वाहते. आम्हां परभणीकरांस भिन्न धर्म आणि भिन्न भाषा पाहण्यास लंडन गांठण्याची गरज नाहीं. १९४८ पर्यंत येथें दप्तर उर्दूंत आणि ओव्या मराठींत चालत. शाह तुराबुल हक यांच्या उरुसास दर फेब्रुवारींत सर्व धर्मांचे लोक लोटतात. हें आम्ही पाहुण्यांस नेहमीं अभिमानानें सांगतों. न सांगितलेली गोष्ट निराळीच आहे. आमच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानें द्यावयाच्या होत्या. एक तरुण नोकरदार चौकशीस आला. आम्हीं त्यास आधीं आडनांव विचारलें, आणि तें ऐकून, खोल्या कालच दिल्या, असें खोटें सांगितलें.

लंडनांत आम्ही उतरलों होतों तें बिऱ्हाड एका सिल्हेटी गृहस्थाचें. पहिल्या सायंकाळीं त्यानें विचारलें तें एवढेंच, कीं तुम्ही मांस खातां काय? नाहीं म्हणतांच तो बाजारांत गेला आणि कोरा तवा व पातेलें घेऊन आला. शेगडीचा एक भाग त्यानें आमच्यासाठीं राखून ठेविला. त्या रात्रीं पिठलें चांगलें झालें होतें, पण आम्हांस तें नीट जेववलें नाहीं.

परत आल्यावर त्या तरुणाचा तपास केला. त्याची नांदेडास बदली झाली होती.