इंदूरचा उकिरडा

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९३१ साली एक छोटेखानी इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतीतील टाकाऊ पदार्थांचे खत कसे करावे, एवढाच त्याचा विषय. ग्रंथावर लेखक म्हणून दोन नावे आहेत. पहिले अल्बर्ट हॉवर्ड यांचे व दुसरे यशवंत वाड यांचे. पहिल्या नावाला पुढे ‘सर’ ही पदवी लाभली, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून ते जगभर गाजले. दुसरे नाव आपल्या मराठी माणसाचे असूनही आपल्यापैकी किती जणांच्या कानांवर ते आले असेल?

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपली म्हण आहे. इंदूरच्या उकिरड्याची दैना नव्वद दिवसांत फिटली. ती कशी, ते सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

शेणखत, राख, पालापाचोळा ही काही कोणाची नवी विद्या नव्हे. रोमन लेखकांनी खतावर प्रकरणे लिहिली, आपल्याकडील वृक्षायुर्वेदात कुणपजलाची कृती दिलेली आहे. वसईकडच्या केळी-पानवेलीच्या बागायतदारांना एरंडीची पेंड आणि मासळीचे खत परिचयाचे होतेच. परंतु १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विचारांचे वारे फिरले. पीक जमिनीतून खनिज द्रव्ये घेते. ती भरून दिली की झाले, असा सोपा हिशेब मांडला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हाबर आणि बॉश या दोघा जर्मनांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची युक्ती साधली आणि १९१३ मध्ये तिचा कारखानाही उभा राहिला. मातीत जीव आहे, ही गोष्ट या हिशेबात मागे पडली.

हॉवर्ड १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. सोबत पत्नी गॅब्रिएल. त्या स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या व पुसाच्या प्रसिद्ध गव्हाच्या वाणांवर दोघांचे काम सारखेच आहे. पुसा येथे हॉवर्ड यांनी स्वतःची बैलांची दावण ठेवली, तिला उत्तम मातीतला चारा घातला. शेजारच्या लाळखुरकताने आजारी जनावरांशी आपले बैल कुंपणावरून नाक घासत, तरी त्यांना रोग झाला नाही, असे ते पुढे आवर्जून लिहीत. एवढ्या निरीक्षणावरून एवढा मोठा सिद्धान्त उभारावा का, याविषयी आजचा शास्त्रज्ञ साशंकच राहील आणि आम्हीही. मात्र आजूबाजूच्या रयतेला आणि पिकांवरच्या किडींना आपले गुरू मानणारा इंग्रज अधिकारी त्या काळी विरळाच, यात शंका नाही.

१९२४ मध्ये इंदूरला वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, पैसा मुख्यतः कापूस समितीचा. साहजिकच कापसाचे काम अपेक्षित होते. पण काळ्या जमिनीचा कस हाच खरा प्रश्न आहे, हे हॉवर्ड यांनी ओळखले. अडचण अशी, की शेण चुलीत जात होते. सरपण नाही म्हणून गोवऱ्या, गोवऱ्या म्हणून खत नाही. गोवऱ्या जाळू नका असे खेडुताला सांगणे सोपे. पण त्याच्या घरी भाकरी कशावर भाजायची, याचे उत्तर कोणाजवळ होते? उलट शेतात कापसाच्या पऱ्हाट्या, तूरकाट्या, उसाचे पाचट, तण असा ढीगभर माल वाया जात होता. चीनमधील शेतकरी शतकानुशतके असल्याच मालावर जमीन पोसत आले, हे एफ. एच. किंग या अमेरिकन अभ्यासकाच्या १९११ सालच्या ग्रंथातून हॉवर्ड यांना ठाऊक झाले होते. तेव्हा थोडे शेण व पुष्कळ काडीकचरा, असा मेळ घालायचे ठरले.

खड्डे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल. पऱ्हाट्या फार चिवट, म्हणून त्या आधी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. गोठ्यात गुरांखाली हाच कचरा अंथरून त्यात मूत्र जिरवीत. गोठ्यातली मूत्राने भिजलेली मातीही खणून घेत. मग थरावर थर : कचरा, शेणकाला, मूत्रमाती, लाकडाची राख आणि बेताचे पाणी. खड्ड्याचे एक टोक रिकामे ठेवीत, कारण ढीग पालटायला जागा हवी. पहिली पालटणी दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी पाचव्या आठवड्याच्या सुमारास, तिसऱ्या वेळी दोन महिन्यांनी माल खड्ड्याबाहेर काढून जमिनीवर रचायचा. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात म्हणून तेव्हा सारे काम जमिनीवरच्या ढिगातच. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत हाती येई. ज्याला कुजकट घाण येते ते खत बिघडलेले आहे, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

यात वाड यांच्या रसायनशास्त्राचा वाटा समजून घेतला पाहिजे. कच्चा काडीकचरा तसाच नांगरून मातीत गाडला तर तो कुजविणारे सूक्ष्मजीव मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून हे कुजणे शेताबाहेर उरकून घ्यायचे. आरंभी कर्ब व नायट्रोजन यांचे प्रमाण ३३ ला १ च्या आसपास असावे; कचरा मुरता मुरता ते १० ला १ पर्यंत उतरते. ढिगाला हवा मिळाली की आतली उष्णता ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, तिने तणांचे बी व कित्येक रोगजंतू मरतात. हवा कोंडली वा पाणी जास्त झाले, तर नायट्रोजन वायुरूपाने उडून जातो आणि श्रम फुकट. आपल्याकडे भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, त्यातही राख उरते आणि नायट्रोजन धुरात जातो.

असे खत मातीत पडले म्हणजे काय होते? चिकण मातीचे ढेकूळ फुटून तिचे कण रवाळ होतात, वाळूला ओल धरता येते, गांडुळे येतात, मुळांना हवा मिळते, अन्नद्रव्ये एकदम वाहून न जाता सावकाश सुटतात. तरीही अतिशयोक्ती करू नये. चांगल्या कंपोस्टमध्ये नायट्रोजन साधारणतः एक टक्क्याच्या आसपास असतो, युरियात तो ४६ टक्के. शंभर किलो नायट्रोजन कंपोस्टमधून द्यायचा, तर सुमारे दहा टन खत वाहून शेतात टाकावे लागेल. हे ओझे कोणाच्या डोक्यावर, याचा विचार सेंद्रिय शेतीचे काही प्रचारक करीत नाहीत.

१९३० मध्ये गॅब्रिएल निवर्तल्या, पुढल्या वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. ही पद्धत मात्र केनियाच्या कॉफीच्या आणि आसाम-सिलोनच्या चहाच्या मळ्यांत गेली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने इंदूरला आलेल्या गांधीजींनी संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून या खताची माहिती वाचकांना दिली. १९४० सालच्या हॉवर्ड यांच्या गाजलेल्या ग्रंथाने इंग्लंड-अमेरिकेत चळवळच उभी केली. ज्या देशात ही पद्धत सिद्ध झाली तिथे मात्र ढीग पालटायची मजुरी परवडत नाही, ही तक्रार राहिलीच. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी शहरातील केरकचरा व मैला चरात गाडून न पालटता खत करण्याची रीत १९३९ च्या सुमारास बसविली.

याच तक्रारीला आणखी एक उत्तर पुढे विदर्भातून आले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच ‘नाडेपकाका’, यांनी खड्डा सोडून जमिनीवर विटांचे टाके बांधले : दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतीत जागोजागी भोके. हवा भोकांतूनच आत जाते, पालटायला माणूस लागत नाही. सुमारे दीड टन काडीकचऱ्याला शंभरएक किलो शेण पुरते, शिवाय पावणेदोन टन कोरडी माती. टाके भरले की वरून शेणमातीने लिंपून टाकायचे आणि तीन-चार महिने ओल राखायची. इंदूरचेच सूत्र, फक्त फावड्याचे काम भिंतीतल्या भोकांवर सोपविले आहे.