फेरेट : कामाचे शरीरप्रकार व पैदास

फेरेट : मुस्टेलिडी कुलातील एक पाळीव, मांसाहारी सस्तन प्राणी. भारतातील पाणमांजर व चांदी अस्वल हे प्राणी याच कुलात मोडतात. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याला मुस्टेला फ्युरो हे शास्त्रीय नाव दिले. यूरोपीय पोलकॅट (मुस्टेला पुटोरियस) या रानटी प्राण्याचा तो पाळीव वंशज असल्याने काही शास्त्रज्ञ त्याला त्याच जातीची उपजाती मानतात. उत्तर अमेरिकेतील काळ्या पायांचा फेरेट ही मात्र स्वतंत्र रानटी जाती आहे. फेरेटचे शरीर लांब व लवचिक, पाय आखूड आणि डोके निमुळते असते. सशाच्या बिळात शिरून त्याला बाहेर हुसकावणे हे त्याचे परंपरागत काम होय. कुत्र्यांच्या किंवा घोड्यांच्या जाती वंशावळींच्या नोंदी ठेवून जशा घडविण्यात आल्या, तसे कामाच्या फेरेटच्या बाबतीत घडले नाही. तरीही निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या ठेवणीचे फेरेट शतकानुशतके जोपासले गेले. ही ठेवण ठरविली ती बीळ, जाळे आणि सावज यांनी.

उगम : फेरेटचा पूर्वज यूरोपीय पोलकॅट की गवताळ प्रदेशातील स्टेपी पोलकॅट (मुस्टेला एव्हर्समनाय), याविषयी दीर्घकाळ मतभेद होता. फेरेट व यूरोपीय पोलकॅट या दोहोंच्या पेशींत ४० गुणसूत्रे असतात, तर स्टेपी पोलकॅटमध्ये ती ३८ असतात. यामुळे आणि आनुवंशिक अभ्यासांमुळे यूरोपीय पोलकॅटचे पारडे जड ठरले. पाळीव अवस्थेत फेरेटचा मेंदू रानटी पोलकॅटच्या मानाने लहान झाला आणि माणसाविषयीची भीती उणावली. मात्र अरुंद बिळात शिरण्याची मूळ प्रवृत्ती कायम राहिली.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : फेरेटच्या वापराचे जुने उल्लेख भूमध्य समुद्राच्या परिसरातील आहेत. ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रेबो (सु. इ. स. पू. ६४–इ. स. २४) याने स्पेनमधील सशांच्या उपद्रवाचे वर्णन करताना मुसके बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या अशाच एका प्राण्याचा उल्लेख केला आहे. बॅलिॲरिक बेटांवर सशांनी पिकांची इतकी नासधूस केली, की तेथील रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, असे थोरल्या प्लिनीने (इ. स. २३–७९) नमूद केले असून, ससे पकडण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या प्राण्याला तो व्हायव्हेरा म्हणतो. पुढे लिनीअस यांनी हेच नाव ऊदमांजरांच्या प्रजातीस दिल्याने काही घोटाळा झाला. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने बिळातून ससे बाहेर काढणाऱ्या फ्युरोची नोंद केली.

बिळात राहणारा ससा जसजसा उत्तरेकडे पसरला, तसतसा फेरेटही त्याच्या मागोमाग गेला. इंग्लंडमध्ये नॉर्मन राजवटीनंतर मांस व कातड्यासाठी राखीव आवारांत ससे पाळले जाऊ लागले आणि फेरेट हे जमीनदाराच्या मालमत्तेशी जोडलेले साधन बनले. दुसऱ्या रिचर्डच्या कारकीर्दीत १३९० च्या सुमारास झालेल्या कायद्याने, वार्षिक ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्या सामान्य माणसास शिकारी कुत्री पाळण्यास आणि फेरेट व जाळी वापरण्यास मनाई केली. खिशात मावणारा, आवाज न करणारा व रात्रीही काम करणारा हा प्राणी चोरून शिकार करणाऱ्या गरिबाला सोयीचा होता, हे या निर्बंधावरून सूचित होते. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘क्वीन मेरी साल्टर’ या सचित्र हस्तलिखितात स्त्रिया फेरेट व जाळ्याच्या साहाय्याने ससे पकडताना दाखविल्या आहेत.

कामानुसार शरीरप्रकार : फेरेटमध्ये लिंगभेदामुळेच आकारात मोठा फरक पडतो. मादीचे वजन सामान्यतः ६०० ते ९०० ग्रॅ., तर नराचे १ ते २ किग्रॅ. असते. कामाच्या विभागणीचा हाच पाया होय. बिळांच्या तोंडांशी थैलीसारखी जाळी लावून आत मोकळी सोडण्यासाठी लहान, सडपातळ व चपळ मादी पसंत केली जाई. ती जाळ्यातील चौकटींतून ते न हलविता ये-जा करू शकते. शिवाय सशाला ती भेडसावते, पण त्याला तेथेच ठार करण्याची शक्यता बलदंड नराच्या मानाने कमी असते. सावज आतच मारून फेरेट त्याच्यापाशी पडून राहिला, तर शिकाऱ्याचा सारा दिवस वाया जाई. अशा वेळी ‘दोरीचा फेरेट’ म्हणून थोराड, दांडगा नर उपयोगी पडे. त्याच्या गळपट्ट्याला ठरावीक अंतरावर खुणा केलेली दोरी बांधून त्याला आत सोडीत. तो पहिल्या फेरेटला हुसकावून सावजाचा ताबा घेई आणि दोरीच्या लांबीवरून खणण्याची जागा ठरविली जाई. त्याला ओझे ओढावे लागे. म्हणून रुंद खांदे व ताकद हे त्याचे गुण मानले जात.

अशा रीतीने एकाच पाळणाऱ्याकडे परस्परविरुद्ध ठेवणीचे दोन प्रकार नांदत. आधुनिक काळात इंग्रजी भाषक देशांत बारीक चणीच्या प्रकारास ग्रेहाउंड किंवा व्हिपेट, अतिलहान प्रकारास मायक्रो आणि रुंद छाती व डोक्याच्या प्रकारास बुल अशी नावे रूढ झाली. ही वर्णनपर नावे असून त्यांतून स्वतंत्र जाती सूचित होत नाहीत.

पैदास व रंग : मादी वसंत ऋतूत माजावर येते व समागमानंतरच तिचे बीजविमोचन होते. गर्भावधी सु. ४२ दिवसांचा असून एका वेतात सरासरी आठ पिले होतात. समागम न झाल्यास माज दीर्घकाळ टिकतो आणि त्यातून उद्भवणारा पांडुरोग प्राणघातक ठरू शकतो. म्हणून पैदास नको असली, तरी नसबंदी केलेल्या नराचा संग घडविण्याची पद्धत पुढे प्रचारात आली. कामात उतरलेल्या मादीची पिले राखणे व शेजाऱ्याचा नामांकित नर वापरणे, एवढीच बहुधा निवडीची रीत असे.

रंगांपैकी पांढरा (लाल डोळ्यांचा) आणि पोलकॅटसारखा गडद हे दोन प्रमुख होत. पांढरेपणा अप्रभावी जनुकामुळे येतो. शुद्ध गडद व पांढऱ्या फेरेटच्या संकरात पहिली पिढी गडद निपजते. झुडपांत पांढरा फेरेट चटकन दिसतो व ससा समजून त्याच्यावर गोळी झाडली जाण्याचा धोका टळतो. म्हणून तो अनेकांना प्रिय होता. उलट, अंगात जोम व धीटपणा यावा म्हणून काही जण रानटी पोलकॅटचा संकर करीत.

स्थलांतर व परिणाम : न्यूझीलंडमध्ये वसाहतकारांनी नेलेल्या सशांनी कुरणे उजाड केल्यावर १८७६ मध्ये ससा-उपद्रव कायदा झाला आणि पक्षिशास्त्रज्ञांचा विरोध डावलून १८८० नंतरच्या दशकात हजारो फेरेट मोकळे सोडण्यात आले. यूरोपात फेरेटमागे जाळे, दोरी व मालक असे. येथे यांपैकी काहीच नव्हते. ससे संपले नाहीत; मात्र किवीसारखे जमिनीवर वावरणारे पक्षी फेरेटच्या भक्ष्यस्थानी पडू लागले. रानात टिकलेल्या वंशात गडद, पोलकॅटसदृश रूप प्रबळ ठरले. पुढे कातड्यासाठी चालविलेल्या फेरेटपालन केंद्रांतून निसटलेल्या प्राण्यांची त्यांत भर पडली. २००२ मध्ये त्या देशाने फेरेटच्या विक्रीवर व पैदाशीवर बंदी घातली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या, २०५० पर्यंत परकीय भक्षक प्राणी नष्ट करण्याच्या योजनेत फेरेटचाही समावेश आहे.

आधुनिक काळ : १९३३ मध्ये स्मिथ, अँड्रूज व लेडलॉ यांनी लंडन येथे मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू फेरेटमध्ये संक्रमित करून दाखविला. तेव्हापासून तो प्रयोगशाळेतील महत्त्वाचा प्राणी ठरला. १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये शिरलेल्या मिक्झोमॅटोसिस रोगाने तेथील बहुसंख्य ससे मेले आणि फेरेटचे परंपरागत कामही ओसरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गळपट्ट्यातील विद्युत् संदेशकाने बिळातील फेरेटची जागा समजू लागली व दोरीच्या दांडग्या नराची गरज बव्हंशी संपली. हौसेसाठी होणाऱ्या पैदाशीत मात्र निवडीची कसोटी बदलली. डोक्यावर पांढरा पट्टा असलेल्या किंवा संपूर्ण पांढऱ्या डोक्याच्या काही वंशांत जन्मजात बहिरेपणा मोठ्या प्रमाणात आढळतो. बिळाच्या कसोटीवर असा दोष लवकर उघडकीस येई. घरात तो सहज दुर्लक्षित राहतो.

भारतातील रानससा बिळे खणून राहत नाही. त्यामुळे फेरेटच्या कामाची परंपरा येथे रुजली नाही. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुख्यतः वेल्सपुरता उरलेला पोलकॅट आता पुन्हा पसरत आहे आणि सुटलेल्या फेरेटशी त्याचा संकर झाल्याचे आनुवंशिक अभ्यासांत दिसून आले आहे. एके काळी कामाच्या फेरेटमध्ये मुद्दाम आणलेले पोलकॅटचे रक्त वाखाणले जाई. आज पोलकॅटमध्ये शिरलेले फेरेटचे रक्त ही निसर्गसंरक्षकांपुढील समस्या आहे.