टाऊन हॉलचे भागीदार

माझ्याकडे 1986 सालची एक पावती आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेची. वडिलांच्या नावावर 4,000 रुपये जमा, कारण : ‘नियोजित व्यापारी संकुल व नागरी सभागृह, गाळ्याची अनामत’. वडील शिवणकाम करीत. चार हजार म्हणजे त्या काळी आमच्या घराची दोन-अडीच वर्षांची शिल्लक. खाली गाळे, वर गावासाठी सभागृह, आणि गाळेवाल्यांच्या अनामतीतून सगळी इमारत, अशी ती योजना होती. गाळा मिळाला, पण नऊ वर्षांनी. सभागृह कधीच झाले नाही. वरच्या मजल्यावर कॉलमच्या गंजलेल्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांवर गाळेवाल्यांनी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या. बाबा कुरकुर करीत नसत. एकदाच म्हणाले, “गाळ्याचे पैसे मी दिले, ते बरोबर आहे. पण हॉलचे पैसेही माझ्याचकडून घेतले ना?”

मी इतिहास महाविद्यालयात शिकलेलो नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहिता लिहिता जुन्या वह्यांचा नाद लागला आणि खामगावच्या कापूस बाजारावर टिपणे काढू लागलो. त्यासाठीच पहिल्यांदा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढलो. तीस पायऱ्या, वर आठ डोरिक खांब. आत मी कापूस शोधत होतो. पण हाताला लागला तो ज्या इमारतीत बसलो होतो तिचाच जमाखर्च. आणि तो वाचताना मला राहून राहून बाबांची पावती आठवत राहिली.

मुंबईची लिटररी सोसायटी 26 नोव्हेंबर 1804 रोजी स्थापन झाली. तिचे संस्थापक सर जेम्स मॅकिंटॉश मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश. शहराला टाऊन हॉल हवा, ही कल्पना त्यांनी 1811 मध्ये मांडली. पैसे कुठून आणायचे? सोरट काढायची. आपण आज लॉटरी म्हणतो तीच. लोकांनी तिकिटे घ्यायची, नशीबवानांना बक्षिसे, उरेल त्यातून इमारत. पहिल्या सोरटीतून सुमारे 10 हजार रुपये उभे राहिले. त्यात काय होणार? पुढे 1823 मध्ये पुन्हा सोरट निघाली, तीही अपुरी पडली. बांधकाम 1821 मध्ये सुरू झाले होते, आराखडा करणारे कर्नल थॉमस कूपर 1825 मध्ये वारले, आणि इमारत अर्धीच होती. शेवटी मुंबई सरकार पुढे आले : उरलेला खर्च आम्ही करतो, बदल्यात आमच्या कचेऱ्यांना जागा द्या. 1833 मध्ये इमारत पूर्ण झाली. कल्पनेपासून बावीस वर्षे.

म्हणजे भागीदार तीन. एक, ज्यांना हॉल हवा होता ती विद्वानांची मंडळी. त्यांना ग्रंथालय मिळाले. दुसरे सरकार; त्याला कचेऱ्या मिळाल्या. तिसरे सोरटीची तिकिटे घेणारे. त्यांना बक्षीस लागले तर लागले. ज्याच्या नावाने इमारत उभी राहिली त्या ‘टाऊन’ला काय मिळाले, हे पाहायचे तर माणेकजी कर्सेटजींची गोष्ट पुरेशी आहे. इमारत पूर्ण झाली त्याच 1833 साली त्यांनी सोसायटीचे सभासदत्व मागितले आणि ते नाकारले गेले. पहिला हिंदी सभासद म्हणून त्यांना प्रवेश मिळाला तो 1840 मध्ये. एवढ्या वर्षांत पायऱ्या त्याच, दारही तेच.

मला यात कोणी लबाडी केली असे म्हणायचे नाही. सरकारने पैसे दिले नसते तर आज तिथे कदाचित आमच्यासारखे सळयांचे जंगल असते. पण काम अडल्यावर जो शेवटी पैसे घालतो तो आधीच्यांच्या अटी पुसून स्वतःच्या लिहितो, हे मी त्या जमाखर्चात पहिल्यांदा स्पष्ट पाहिले.

गंमत अशी की याच्या अगदी उलट व्यवहार त्याच पायऱ्यांच्या समोर झाला आहे. टाऊन हॉलपुढे बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे मैदान होते. 1844 पर्यंत कापसाच्या गासड्या तिथेच रचल्या जात. मग तो बाजार कुलाब्याला हलवला. (कापसावाचून माझे काही पुढे सरकत नाही, वाचकांनी समजून घ्यावे.) नंतर ते मैदान उकिरड्यासारखे झाले. चार्ल्स फॉरजेट हे तेव्हा पोलीसप्रमुख आणि म्युनिसिपल कमिशनरही होते. 1857 च्या धामधुमीत वेषांतर करून शहरात हिंडणारा अधिकारी म्हणून त्यांचे नाव राहिले. माझ्या मते त्यांचे मोठे काम हे मैदान आहे. पालिकेने सगळी जागा सरकारकडून विकत घ्यावी, तिचे भूखंड पाडावेत आणि व्यापारी पेढ्यांना विकावेत, ही योजना त्यांची. आधी गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि मग सर बार्टल फ्रिअर यांनी तिला पाठिंबा दिला. भूखंड विकून पालिकेला चांगला नफा झाला. पण विकताना दोन गोष्टी हातात ठेवल्या. इमारतींचा दर्शनी भाग एकसारखा, खाली सलग कमानी, म्हणजे पावसापाण्यात कोणालाही त्याखालून चालता यावे. आणि मधले वर्तुळ कोणालाच विकायचे नाही, तिथे बाग. ती 1872 मध्ये पूर्ण झाली. हेच एल्फिन्स्टन सर्कल, आजचे हॉर्निमन सर्कल.

इथे नशिबाचा भाग होता हे लपवून चालणार नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतू जात होता, तेव्हाच हे भूखंड बाजारात होते. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या; पण तोवर वर्तुळातल्या बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या होत्या. योजना चार वर्षे उशिरा आली असती तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच. तरीही तेजीत जागा विकणारे पुष्कळ असतात. तेजीत काय विकायचे नाही हे ठरवणारे थोडे.

आणि ही पालिका स्वतः तोवर साध्याशा कचेऱ्यांत बसत होती. तिच्या स्वतःच्या इमारतीची कोनशिला लॉर्ड रिपन यांनी 9 डिसेंबर 1884 रोजी बसवली, आणि एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ती प्रसिद्ध वास्तू 1893 मध्ये पूर्ण झाली, खर्च 12 लाखांच्या आत. आधी चौक, मग स्वतःचे घर. हा क्रम मला आवडतो.

मुंबईहून परतल्यावर मी आमच्या गावचा 1980 च्या दशकातला मूळ ठराव शोधून काढला. नगरपालिकेची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देताना राज्य सरकारची मान्यता, रीतसर प्रक्रिया वगैरे गोष्टी 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 92 मध्ये आहेत. कागदोपत्री त्यात खोट नव्हती. गाळ्यांची संख्या होती, प्रत्येकाचे चौरस फूट होते, अनामत, मासिक भाडे, थकल्यास दंड, सगळे होते. सभागृहासाठी एकच ओळ : ‘निधी उपलब्धतेनुसार’. आकार नाही, मुदत नाही, न झाल्यास कोणी काय करायचे ते नाही. गाळ्याला गिऱ्हाईक होते, म्हणून त्याच्या अटी झाल्या. हॉलला गिऱ्हाईक नव्हते. गाव हे गिऱ्हाईक धरले जात नाही.

आता तेच संकुल पाडायचे घाटते आहे. विकासकाने बांधायचे, काही वर्षे वापरायचे आणि मग परत करायचे, अशा पद्धतीने नवे नगरभवन येणार आहे. प्रारूप आराखडा हरकतींसाठी लावला होता. तळमजला आणि पहिला मजला दुकाने, दुसरा मजला कार्यालये, तिसऱ्या मजल्यावर सभागृह. मी चार वेळा वाचला. सभागृहाला यंदा आसनसंख्या दिली आहे, एवढी प्रगती आहे. मुदत दुकानांना आहे, सभागृहाला नाही.

मी दोन कलमांची हरकत लिहिली. सभागृहाचा भोगवटा दाखला मिळाल्याखेरीज एकाही दुकानाचा ताबा देऊ नये. आणि तळमजल्याच्या रस्त्याकडच्या बाजूला सलग पडवी ठेवावी, ती कोणत्याही दुकानदाराला बंद करता येऊ नये. सोबत बाबांच्या पावतीची झेरॉक्स जोडली.

आवक बारनिशीवर बसलेल्या मुलाने हरकत उलटून पाहिली, झेरॉक्सवर बोट ठेवले आणि विचारले, “काका, ही अनामत परत मागायची आहे का? त्याचा अर्ज वेगळा आहे.”

मी म्हणालो, नाही, ही हरकतीसोबतच राहू द्या. त्याने शिक्का मारला आणि ‘सहपत्रे : 1’ असे लिहिले.