जपानमधला पहिला दिवस : ‘यात मांस नाही ना?’ एवढंच विचारलं तर फसगत का होते?

टोकियोत उतरलो त्या दिवशी दुपारी मी आणि आई स्टेशनजवळच्या एका छोट्या उडोनच्या दुकानात शिरलो. उडोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, पातळ गरम रश्शात घातलेल्या. वर तळलेल्या तोफूचा गोडसर तुकडा. आई माळकरी आहे, त्यामुळे बसण्याआधीच मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं होतं, ‘यात मांस नाही ना?’ काउंटरमागच्या काकांनी हसून ‘नाही’ म्हणून हात हलवला.

आईने दोन घास खाल्ले, वाडगा नाकाजवळ नेला आणि म्हणाली, “याला सुकटाचा वास का येतोय गं?”

काका खोटं बोलले नव्हते. माझा प्रश्नच अपुरा होता.

जपानला निघालेल्या माणसाला घरचे सगळे एकाच गोष्टीची भीती घालतात, ती म्हणजे कच्चा मासा. पण कच्चा मासा समोर आला की दिसतो आणि नको असेल तर टाळता येतो. पहिल्या दिवशी खरी फसगत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या पदार्थांमुळे. ती कशी, आणि टाळायची कशी, ते समजून घेऊया.

रश्शात मासा आला कुठून?

उत्तर एका शब्दात : दाशी.

आपल्याकडे आमटीला फोडणी असते, तसा जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. हे एक पातळ, जवळजवळ पारदर्शक पाणी असतं. सगळ्यात प्रचलित दाशी दोन गोष्टींपासून बनते : कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी. कात्सुओ हा टूनाच्या कुळातला मासा. तो उकडून, धुरी देऊन लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि मग रंध्यावर लाकूड तासावं तसे त्याचे पातळ काप काढतात. हे काप गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळून घेतले की दाशी तयार. मासा गाळणीत राहतो, चव पाण्यात उतरते. म्हणून वाडग्यात कितीही शोधलं तरी मासा सापडत नाही.

या चवीचं शास्त्रही जपानमध्येच उलगडलं. १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या दाशीतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते ‘अजिनोमोटो’ या नावाने बाजारात आलं. आपल्या चायनीजच्या गाड्यांवर दिसणारी पांढरी पूड ती हीच. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतल्या चवीमागचं इनोसिनेट शोधलं. कोंबू आणि कात्सुओबुशी एकत्र आले की दोघांची चव कैक पटींनी वाढते. त्यामुळे जपानी स्वयंपाकी दोन्ही एकत्र वापरतो.

मिसो सूप, उडोन आणि सोबाचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, गोडसर ऑम्लेट, तेंपुरासोबतची चटणीवजा पातळ सॉस, सॅलडवरचं ड्रेसिंग, या सगळ्यांत दाशी असू शकते.

मग दुकानदार ‘मांस नाही’ असं का म्हणतात?

कारण जपानी बोलण्यात ‘निकु’ म्हणजे मांस, आणि त्यात मासा धरत नाहीत.

याची मुळं बरीच जुनी आहेत. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मु यांनी बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातले काही महिने बंदी घातली. पुढच्या शतकांत अशी बंधनं वेळोवेळी येत राहिली. शिकार पूर्ण थांबली नाही, पण पाळीव जनावरांचं मांस रोजच्या ताटातून बराच काळ दूर राहिलं. मासा मात्र या बंदीत कधीच नव्हता. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि मांसाहाराला राजमान्यता मिळाली.

म्हणजे शेकडो वर्षं ‘मांस न खाणारा’ माणूस मासा खातच होता. आपल्याकडे ‘शाकाहारी’ या शब्दात मांस, मासे आणि बहुतेक घरांत अंडंही एकदम वगळलं जातं. तिथे ही तीन वेगळी खाती आहेत. प्रत्येकाबद्दल वेगळं विचारावं लागतं.

ओळखीचे वाटणारे, पण सावध राहायचे पदार्थ

करी राइस. जपानी लोक याला ‘कारे’ म्हणतात. भात आणि बाजूला दाट तपकिरी रस्सा. घरची आठवण येते आणि आपण पटकन बोट दाखवतो. ही करी मेइजी काळात भारतातून थेट न येता ब्रिटिशांमार्फत जपानमध्ये आली. तिचा दाटपणा मैदा आणि चरबीच्या वडीतून येतो, आणि अनेक वड्यांत गाईची किंवा डुकराची चरबी असते. ‘भाज्यांची करी’ मागवली तरी रस्सा तोच असू शकतो. भारतीय धाटणीच्या करीचीही एक वेगळी कथा आहे : क्रांतिकारक रासबिहारी बोस ब्रिटिशांपासून लपून टोकियोत राहिले, त्यांना आसरा देणाऱ्या कुटुंबाच्या ‘नाकामुराया’ या दुकानात १९२७ पासून त्यांच्या पद्धतीची करी मिळू लागली. शिंजुकुत ती आजही मिळते, पण ती चिकनची आहे.

कोरोक्के. बटाटावड्याचा चुलतभाऊ. आत मॅश केलेला बटाटा, बाहेर ब्रेडचा चुरा. बटाट्यात बहुतेक वेळा खिमा मिसळलेला असतो.

ग्योझा. उकडीच्या करंजीसारखी दिसते. सारण सहसा डुकराचं मांस आणि कोबीचं.

हियायाक्को. थंड तोफू. पनीर समजून मागवाल, तर वर कात्सुओबुशीचे काप वाऱ्यावर हलल्यासारखे थरथरत येतात.

कारे-पान. ‘पान’ म्हणजे पाव. हा शब्द मात्र खरंच आपल्या नात्यातला आहे. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्या भाषेतल्या पावाच्या शब्दापासूनच जपानीतला ‘पान’ आला आणि मराठी-कोकणीतला ‘पाव’सुद्धा. साधा पाव घ्यायला हरकत नाही, पण कारे-पानच्या पोटात बहुधा मांसाची करी असते.

अनोळखी दिसणारे, पण आपल्या ओळखीचे निघणारे

आता उलट बाजू. ज्या गोष्टी बघून आपण चार पावलं मागे सरतो, त्यातल्या काही आपल्या घरच्याच निघतात.

कोन्न्याकु. करड्या रंगाची, काळे ठिपके असलेली, थुलथुलीत वडी. बघून काहीतरी समुद्री प्राणी वाटतो. प्रत्यक्षात ही एका कंदाची वडी आहे आणि तो कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला. अडचण एवढीच, की ती ज्या रश्शात शिजते त्यात दाशी असू शकते.

नात्तो. आंबवलेलं सोयाबीन. चमच्याने उचललं की तारा सुटतात, आणि वास उग्र. बीन्स शाकाहारी आहेत. सोबतच्या छोट्या सॉसच्या पुडीत मात्र माशाचा अर्क असू शकतो. ती बाजूला ठेवा आणि साधा सोय सॉस घाला.

उमेबोशी. खारवून वाळवलेलं जर्दाळूच्या जातीचं फळ. लाल, आंबटढाण. एक चावल्यावर आईचे डोळे मिटले आणि ती म्हणाली, “हे तर मुरलेलं लिंबाचं लोणचं!” पाकीटबंद मिळणाऱ्या काही प्रकारांत मध किंवा माशाचा अर्क घालतात, म्हणून लेबल बघा.

आनपान. लाल अझुकी बीन्सचं गोड पुरण भरलेला पाव. टोकियोच्या किमुराया बेकरीने तो १८७४ मध्ये आणला. पुरणपोळी खाणाऱ्याला याची ओळख करून द्यावी लागत नाही. पावात अंडं असू शकतं, ते न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

याकी-इमो. भाजलेलं रताळं. बाकी काही नाही. थंडीच्या दिवसांत सुपरमार्केटच्या दारातच गरम ठेवलेलं असतं.

पहिली खरेदी कोनबिनीतच का करावी?

कोनबिनी म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरचं छोटं दुकान, बहुतेक ठिकाणी चोवीस तास उघडं. सेव्हन-इलेव्हनने टोकियोतलं पहिलं दुकान १९७४ मध्ये सुरू केलं, आज देशभरात सगळ्या कंपन्यांची मिळून ५५ हजारांहून जास्त कोनबिनी आहेत. पहिल्या दिवशी इथे खाण्याचा मोठा फायदा म्हणजे प्रत्येक पाकिटावर घटकांची यादी असते. मोबाइलचा कॅमेरा भाषांतराच्या अ‍ॅपमधून त्यावर धरला की निदान अंदाज येतो.

सुरुवात ओनिगिरीने करा. हा भाताचा त्रिकोणी गोळा, बाहेर नोरी नावाचं शेवाळाचं पापुद्र्यासारखं पान. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात आणि त्याच क्रमाने ते सोडायचं, नाहीतर नोरी प्लास्टिकमध्ये आणि भात हातात अशी गत होते. आत उमेबोशी असेल तर ‘उमे’, सॅल्मन असेल तर ‘साके’, कात्सुओबुशी असेल तर ‘ओकाका’. ‘कोंबू’ हे शेवाळच, पण ते शिजवताना माशाचा अर्क घातलेला असू शकतो.

अ‍ॅलर्जी असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, गहू, सोबाचं धान्य, शेंगदाणे, कोळंबी आणि खेकडा यांचा उल्लेख सक्तीचा आहे, आणि २०२३ मध्ये त्यात अक्रोडाची भर पडली. कात्सुओ मासा या यादीत नाही. म्हणून अ‍ॅलर्जीचा चौकोन वाचून थांबू नका, घटकांची पूर्ण यादी वाचा. आणि हा सक्तीचा नियम हॉटेलात ताटात वाढलेल्या जेवणाला लागू नाही. तिथे विचारावंच लागतं.

हॉटेलात गेल्यावर काय करायचं?

अनेक स्वस्त हॉटेलांत दाराशीच तिकिटाचं मशीन असतं. पैसे टाका, पदार्थाचं बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर द्या. पण मशीनला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून पैसे टाकायच्या आधी माणसाशी बोला.

पाणी किंवा चहा बहुतेक ठिकाणी फुकट येतो. टिप द्यायची नसते. शेवया फुरके मारत खाल्ल्या तरी कोणी वळून बघत नाही. संध्याकाळी इझाकाया म्हणजे खाण्या-पिण्याच्या अड्ड्यावर गेलात, तर न मागवलेली एक छोटी वाटी समोर येईल. ती ‘ओतोशी’. तिचे पैसे बिलात लागतात, आणि तिच्यात काय आहे हेही विचारायचं असतं.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, कारण तसा भात मृत व्यक्तीपुढे ठेवतात. आणि एका चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पिंडदान आणि अस्थिसंचय पाहिलेल्या मराठी माणसाला याचं कारण वेगळं समजावून सांगायला नको.

नेमकं विचारायचं काय?

ही दोन वाक्यं मोबाइलमध्ये जपानी लिपीत साठवून ठेवा आणि दाखवा. बोलूनही चालेल :

- ‘दाशी वा हाइत्ते इमासु का?’ म्हणजे यात दाशी आहे का?
- ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’ म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासाही खात नाही.

अंडं चालत नसेल तर ‘तामागो मो’ जोडा. उत्तर ‘आहे’ असं आलं तर वाद घालू नका. रश्शाचं मोठं पातेलं सकाळीच चढलेलं असतं, एका वाडग्यापुरतं ते बदलता येत नाही.

पूर्ण शाकाहारी जेवण मिळतच नाही का?

मिळतं, आणि तेही जपानच्याच परंपरेतलं. बौद्ध मठांतल्या या जेवणाला ‘शोजिन ऱ्योरी’ म्हणतात. त्यात मांस, मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या घरासारखंच. दाशी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके मशरूमची. कंदमुळं असतात, त्यामुळे जैन प्रवाशांनी तेवढं विचारावं. क्योतोची मंदिरं आणि कोयासान पर्वतावरचे मठ यासाठी प्रसिद्ध आहेत. कोयासानच्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांना आणखी एक कारण आहे. मात्र हे जेवण सहसा आधी नोंदवावं लागतं, पहिल्या दिवशी दारात उभं राहून मिळेलच असं नाही.

थोडक्यात

- ‘मांस आहे का’ असं विचारू नका. मांस, मासा, दाशी आणि अंडं यांबद्दल वेगवेगळं विचारा.
- पहिलं जेवण कोनबिनीतून घ्या आणि लेबल शेवटपर्यंत वाचा.
- करी, सूप, तळलेले वडे अशा ओळखीच्या पदार्थांना आधी प्रश्न, मग घास.
- विचित्र दिसतं म्हणून सोडून देऊ नका. तेही विचारून बघा.

त्या दुपारी आईने चिडचिड केली नाही. वाडगा माझ्याकडे सरकवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, “चुकून झालं ते झालं. पण रात्री मी विचारून खाणार.” संध्याकाळी सुपरमार्केटच्या दारातून घेतलेलं भाजकं रताळं तिने हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून सोललं. त्यासाठी तिला कोणाला काही विचारावं लागलं नाही.