बाटिक : मेणाच्या आडोशाने रंगणारे कापड

कापडाच्या ज्या भागाला रंग लागू द्यायचा नाही, तो वितळलेल्या मेणाने झाकून उरलेले कापड रंगवण्याच्या कलेला बाटिक म्हणतात. छपाईत हवा तेथे रंग उमटवला जातो, तर बाटिकमध्ये नको तेथे तो अडवला जातो. ही पद्धत अनेक देशांत आढळते. मात्र तिचा परमोत्कर्ष इंडोनेशियातील जावा बेटावर झाला.

जावातील कारागीर स्त्रिया 'चांटिंग' नावाच्या साधनाने नक्षी काढतात. लाकडी वा बांबूची मूठ, पुढे तांब्याची चिमुकली वाटी आणि तिला बारीक तोटी, अशी त्याची रचना असते. वाटीतील गरम मेण तोटीतून धारेसारखे कापडावर उतरते. अशा हातकामाला तेथे 'बाटिक तुलिस', म्हणजे 'लिहिलेले बाटिक' म्हणतात.

योग्यकर्ता आणि सुराकर्ता या राजधान्यांतील जुन्या पद्धतीत पांढरा, निळा आणि तपकिरी हे प्रमुख रंग होत. प्रथम पांढरे व तपकिरी राहावयाचे भाग मेणाने झाकून कापड निळीत बुडवतात. मग तपकिरी भागांवरील मेण खरवडून काढतात, निळे ठेवायचे भाग झाकतात आणि कापड 'सोगा' या तपकिरी रंगात बुडवतात. निळ्यावर तपकिरी चढला की जवळजवळ काळी छटा मिळते. गरम रंगात मेण वितळेल, म्हणून रंग थंडच लागतो. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घालून मेण काढून टाकतात. एका उत्तम वस्त्राला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांब्याचे ठसे आले व काम वेगाने होऊ लागले. मेण मात्र कायम राहिले.

१९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जावाला गेले, तेव्हा चित्रकार सुरेंद्रनाथ कर त्यांच्यासमवेत होते. शांतिनिकेतनच्या कलाभवनाने ही कला आधुनिक भारतात रुजवण्यास मोठा हातभार लावला. उज्जैनजवळील भैरवगढ आणि कच्छमधील मुंद्रा येथेही बाटिकचे काम चालते. मेणाला तडे जाऊन त्यांत रंग शिरला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. भारतात त्या सौंदर्य मानल्या जातात. जावाच्या जुन्या दरबारी परंपरेत मात्र तो दोष समजला जाई. मधमाश्यांचे मेण लवचीक, तर पॅराफिन ठिसूळ. त्यांच्या प्रमाणावर हे तडे अवलंबून असतात.

युनेस्कोने २००९ मध्ये इंडोनेशियाच्या बाटिकचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तरीही यंत्रावर छापलेले, केवळ बाटिकची नक्कल करणारे स्वस्त कापड बाजारात मुबलक आहे आणि त्याच्याशी किमतीत स्पर्धा करणे हाताने काम करणाऱ्यांना अवघड जाते. कापड उलटून पाहावे. छापील कापडाची मागची बाजू बहुधा फिकी असते. खऱ्या बाटिकमध्ये कापड रंगात पूर्ण बुडालेले असल्याने नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.