‘आजच अर्ज भरा’: कावासाकीत घर घेण्याआधी वाचायचा थोडा इतिहास

समजा, शनिवारची दुपार आहे. कावासाकीतल्या मुसाशी-कोसुगी स्टेशनपासून दहा मिनिटांवरचा एक फ्लॅट तुम्ही नुकताच बघून आलात. (जपानमध्ये अशा सिमेंटच्या इमारतीला ‘मॅन्शन’ म्हणतात. गावी सांगताना जपून, नाहीतर तुम्ही राजवाडा घेतला अशी बातमी पसरेल.) आता तुम्ही एजंटच्या ऑफिसात बसला आहात. समोर हिरवा चहा, तुमच्या भाड्याचा आणि कर्जाच्या हप्त्याचा सुबक तक्ता. एजंट अगदी नम्रपणे म्हणतो, “उद्या आणखी एक कुटुंब बघायला येणार आहे. आजच अर्ज भरून ठेवलात तर बरं.”

तुमच्या मनात दोन गोष्टी अडकल्या आहेत. तळघरात भिंतीवर दिसलेला ओलीचा पट्टा, आणि जाहिरातीत लिहिलेलं ‘१९८२ साली पूर्ण’. विचारावं का? जपानीत नीट विचारता येईल का? उगाच किरकिरे वाटू का? बाहेर येऊन तुम्ही घरी फोन लावता. आई विचारते, “कागदपत्रं बघितलीस ना नीट? टायटल क्लिअर आहे ना?”

आईचा प्रश्न चुकीचा नाही. पण तो मुंबई-पुण्याचा आहे. घर घेताना आपल्याला जी भीती वाटते ती आपल्या इतिहासातून आलेली असते. घर मात्र तिथल्या इतिहासात उभं असतं. या लेखात आपण हा फरक बघू. शेवटी त्या एजंटला काय सांगायचं, तेही त्यातूनच निघेल.

आईची भीती कुठून आली?

मुंबईत घरांची टंचाई इतकी वाढली आणि फ्लॅटविक्रीत इतके गैरप्रकार होऊ लागले की महाराष्ट्र सरकारने १९६३ मध्ये खास कायदा केला, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. बिल्डरने जमिनीची मालकी आणि मंजूर नकाशे दाखवायचे, आणि किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, असं त्यात आलं. २०१६ च्या ‘रेरा’ने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली. सातबारा, सर्च रिपोर्ट, ओसी हे शब्द आपल्या घरात जेवताना ऐकू येतात ते त्यामुळेच. आपल्याकडे माणसं बहुतेकदा कागदात फसली, म्हणून आपण कागद बघायला शिकलो.

जपानमध्ये जमीन-इमारतीची नोंदणी बहुधा स्वच्छ असते आणि नोंदीचा उतारा कुणालाही काढता येतो. त्यामुळे कागद बघून आपण निर्धास्त होतो. पण कावासाकीत खरे प्रश्न दोन आहेत: इमारतीच्या पायाखाली काय आहे, आणि तिच्या भिंतीत किती लोखंड आहे.

नदीने लिहिलेला नकाशा

कावासाकी हे तामा नदीच्या काठाने लांबच लांब पसरलेलं शहर आहे. नकाशात एक गंमत बघा. ‘तोदोरोकी’ नावाचा भाग कावासाकीच्या नाकाहारा वॉर्डात आहे आणि नदीपलीकडे टोकियोच्या सेतागाया वॉर्डातही आहे. हा योगायोग नाही. नदीने पात्र बदललं आणि एकाच गावाच्या जमिनी दोन काठांवर पडल्या. १९१२ मध्ये नदी हीच टोकियो आणि कानागावाची हद्द ठरली, नावं मात्र दोन्हीकडे राहिली. म्हणजे दोन्ही काठांवर एकच नाव दिसलं, की कधीतरी नदी इथून गेली आहे असं समजायचं.

१९१० मध्ये मोठा पूर आला. कावासाकीच्या बाजूला धड बांध नव्हता. १६ सप्टेंबर १९१४ ला मियुकी गावाचे आणि आसपासचे शेकडो शेतकरी ओळखीची खूण म्हणून विणलेल्या टोप्या घालून योकोहामाला प्रांताच्या कचेरीवर चालून गेले. त्या टोपीवरूनच ही घटना ‘आमिगासा प्रकरण’ म्हणून ओळखली जाते. पुढे आरियोशी नावाच्या गव्हर्नरने रस्तादुरुस्तीच्या नावाखाली बांध घातला. तो १९१६ मध्ये पुरा झाला. ‘आरियोशी बांध’ हे नाव तिथे अजून सांगितलं जातं.

बांध आला म्हणजे प्रश्न संपला का? १ सप्टेंबर १९७४ ला पलीकडच्या काठावर कोमाए शहरात बांध फुटला आणि १९ घरं वाहून गेली. तिथल्या रहिवाशांनी सरकारवर खटला भरला. सर्वोच्च न्यायालयाने तो परत खाली पाठवला, आणि शेवटी १९९२ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. अठरा वर्षं!

मग १२ ऑक्टोबर २०१९ चं ‘हागिबिस’ वादळ. या वेळी मुसाशी-कोसुगीत बांध फुटला नाही. नदी इतकी चढली की पावसाचं पाणी नदीत सोडणाऱ्या गटारांमधूनच गढूळ पाणी उलटं शहरात शिरलं. एका ४७ मजली टॉवरच्या तळघरातली विजेची यंत्रणा बुडाली. वीज गेली, पंप बंद पडले, लिफ्ट आणि पाणी कित्येक दिवस बंद. चाळिसाव्या मजल्यावर पूर येत नाही, पण चाळीस मजले जिना येतो. जवळच तोदोरोकीत शहराचं संग्रहालय होतं. त्याच्या तळघरातल्या कोठारांत पाणी शिरून सुमारे २ लाख २९ हजार वस्तू भिजल्या.

या आणि आधीच्या वर्षीच्या पुरांनंतर, २८ ऑगस्ट २०२० पासून, घर विकताना एजंटने महापालिकेच्या पूर-नकाशावर ते घर नेमकं कुठे आहे हे खरेदीदाराला दाखवणं सक्तीचं झालं. तेव्हा तळघरातल्या त्या ओलीबद्दल विचारणं हा किरकिरेपणा नाही. विजेची यंत्रणा कुठल्या मजल्यावर आहे आणि २०१९ मध्ये इथे पाणी कुठवर आलं होतं, हे दोन प्रश्न या शहरात अगदी साधे प्रश्न आहेत.

१९८२ चं कोडं

आता दुसरी शंका. १९७८ मध्ये मियागीच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला. त्यानंतर इमारतींचे भूकंपविषयक नियम कडक झाले आणि १ जून १९८१ पासून लागू झाले. जपानमध्ये घरांची ‘जुना नियम’ आणि ‘नवा नियम’ अशी वाटणी याच तारखेवर होते. पण ही तारीख बांधकाम पूर्ण होण्याची नाही. नकाशाला मंजुरी कधी मिळाली त्याची आहे. १९८२ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीची मंजुरी १९८० ची असू शकते. म्हणून जाहिरातीतलं साल पुरेसं नाही, मंजुरीची तारीख मागायची. १९९५ च्या कोबे भूकंपात लाकडी घरांनी जी माणसं मारली, त्यातून २००० साली लाकडी घरांचे नियम आणखी कडक झाले. स्वतंत्र लाकडी घर बघत असाल, तर ती तारीखही लक्षात ठेवा.

नियम असला म्हणजे पाळला जातोच असं नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १७ नोव्हेंबर २००५ ला जपान सरकारने जाहीर केलं की आनेहा हिदेत्सुगु नावाच्या वास्तुविशारदाने अनेक इमारतींची बळकटीची गणितं खोटी केली होती. तपासणाऱ्यांनी ती तशीच पुढे जाऊ दिली होती. त्यात ह्यूझर या कंपनीने विकलेल्या इमारती होत्या आणि त्यातली एक आपल्या कावासाकीतच, दाइशी देवळाच्या भागात होती.

इथला पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००० सालच्या कायद्याने नव्या घराच्या सांगाड्याची आणि छपरा-भिंतींतून पाणी न गळण्याची १० वर्षांची जबाबदारी विकणाऱ्यावर आधीच टाकली होती. म्हणजे कागदावर ते खरेदीदार सुरक्षित होते. पण ह्यूझर दिवाळखोरीत गेली. हमी होती, देणाराच उरला नाही. लोकांच्या डोक्यावर पाडायच्या घराचं कर्ज, आणि वर नव्या घराचं. म्हणून २००७ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि ऑक्टोबर २००९ पासून विकणाऱ्या कंपनीला या हमीसाठी विमा काढणं किंवा पैसे ठेव म्हणून ठेवणं बंधनकारक झालं.

आणि २०१५? शेजारच्या योकोहामाच्या त्सुझुकी वॉर्डातल्या चार इमारतींच्या संकुलात काही खांब खालच्या टणक थरापर्यंत पोचलेच नव्हते आणि त्याची आकडेवारी बनावट होती, असं उघड झालं. सुरुवात कशावरून झाली? दोन इमारतींना जोडणाऱ्या कठड्यात रहिवाशांना दिसलेल्या सुमारे दोन सेंटीमीटरच्या फरकावरून. तो फरक ‘किरकोळ’ म्हणून सोडला असता तर? शेवटी चारही इमारती पाडून नव्याने बांधाव्या लागल्या.

घाईचाही इतिहास आहे

आता पुन्हा त्या चहाच्या टेबलावर येऊ. ‘आजच’ हा शब्द जपानमध्येही जुना आहे. १९७० च्या दशकात लोकांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीला फुकट न्यायचं, खाऊ-पिऊ घालायचं आणि तिथेच जमिनीच्या करारावर सह्या घ्यायच्या, असा धंदा जोरात होता. त्यावर उपाय म्हणून १९८० मध्ये कायद्यात ठरावीक दिवसांत करार मोडायची सोय आली; आज ही मुदत ८ दिवसांची आहे. पण ती नीट समजून घ्या. विकणारा स्वतः व्यावसायिक असेल आणि सही त्याच्या ऑफिसाबाहेर झाली असेल, तरच ती मिळते. एखाद्या कुटुंबाकडून जुनं घर घेताना ती नाही. ऑफिसात जाऊन सही केली, तरीही नाही.

आणखी एक नियम फार कमी लोकांना माहीत असतो. करार करायचा की नाही हे ठरवायला लागणारा वेळ योग्य कारणाशिवाय नाकारायला एजंट आणि व्यावसायिक विक्रेत्यांना मनाई आहे. म्हणजे वेळ मागणं ही तुमच्यावर केलेली मेहेरबानी नाही.

अर्ज आणि करार यांतही फरक आहे. अर्ज म्हणजे ‘मला घ्यायचं आहे’ एवढंच. त्याने तुम्ही बांधले जात नाही. करारापूर्वी परवानाधारक माणसाने ‘महत्त्वाच्या बाबी’ समजावून सांगायच्या असतात. तो कागद आठवडाभर आधी मागा आणि जपानी येणाऱ्या मित्राबरोबर बसून वाचा. करारावेळी जो पैसा द्यायचा त्याला ‘तेत्सुके’ म्हणतात. आपल्या इसारासारखाच. खरेदीदार मागे फिरला तर तो बुडतो, विकणारा फिरला तर त्याला दुप्पट द्यावा लागतो. कर्ज नाकारलं गेलं तर इसार परत मिळेल, हे कलम करारात आहे ना, हे नक्की बघा. आपल्यासारख्यांना ते जास्त लागतं, कारण बऱ्याच बँका कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मागतात.

जुन्या घराची तज्ज्ञाकडून तपासणी करून घेता येते हे एजंटने सांगणं २०१८ पासून बंधनकारक आहे. पण एकच एजंट दोन्ही बाजूंकडून कमिशन घेऊ शकतो, तेव्हा तपासणारा शक्यतो तुम्हीच शोधा.

मग एजंटला काय सांगायचं? एवढंच: “घर आवडलं. मंजुरीची तारीख, पूर-नकाशा आणि सोसायटीच्या दुरुस्तीच्या नोंदी पाठवा. तपासणी करून दहा दिवसांत कळवतो.” त्यात ते घर हातचं गेलं तर वाईट वाटेलच. पण तुम्ही मागितलेला प्रत्येक कागद आज मागता येतो, कारण कुणीतरी टोपी घालून कचेरीवर गेलं होतं, कुणी वर्षानुवर्षं कोर्टात बसलं होतं आणि कुणी पाडलेल्या घराचे हप्ते भरले होते. त्यांनी किंमत मोजून मिळवलेले प्रश्न आपण लाजेपोटी गिळून टाकू नयेत.

आणि आईला पुन्हा फोन कराल तेव्हा सांगा, टायटल क्लिअर आहे. आता नदीची चौकशी चालू आहे.