लग्नगड्याची कुळकथा

शनिवार-रविवारी जव्हारच्या सनसेट पॉइंटवर मुंबई-नाशिकच्या गाड्या लागतात. त्यांतला एखादा मुलगा खिशातली अंगठीची डबी पुन्हा पुन्हा चाचपत असतो, घशाला कोरड पडलेली. गुडघा टेकून विचारायची ही तऱ्हा आपल्याकडे सिनेमानं आणली. धास्ती एवढीच, की ती नाही म्हणाली तर? जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर लग्नाची धास्ती याहून जुनी आहे आणि बरोबर उलटी आहे. मुलगी हो म्हणाली, तर पैसे आणायचे कुठून?

इथल्या वारली आदिवासींत हुंडा नाही, देज आहे. ते मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं. मागणी घालायला जाणती माणसं जातात, बोलणी करून देज ठरवतात. मग लग्नघराच्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. धवलेरी म्हणजे पुरोहितीण गाणी म्हणत लग्न लावते, भटजीवाचून काही अडत नाही. चौकाला शेण, गेरू आणि मूठभर तांदूळ पुरतात. खर्च होतो तो देज, लुगडी, ताडी-दारू आणि पाड्याच्या जेवणावर.

हा खर्च जुनाच. त्यापायी माणूस विकला जाणं मात्र तितकं जुनं नाही. इंग्रजी अमलात सारा रोख भरावा लागू लागला, जंगलावर सरकारी कायदे आले आणि जमिनी एकेक करून सावकार-जमीनदारांकडे गेल्या. रोकड राहिली ती त्यांच्याच तिजोरीत. लग्नासाठी हात पसरायला दुसरं दार उरलं नाही. सावकार पैसे देई आणि नवरदेव त्याचा लग्नगडी होई. कर्ज फिटेपर्यंत राबायचं. पण मजुरी इतकी तुटपुंजी आणि हिशेब सावकाराच्याच वहीत, तेव्हा फिटणार कसं? त्यातली खरी मेख अशी की कर्ज नवऱ्याचं असलं, तरी राबायचं बायकोनंही. सावकाराची नजर तिच्या कामावरच थांबत नसे, हेही त्या काळच्या नोंदींत आहे. हळद उतरायच्या आत दोन माणसं जवळजवळ फुकटात हाताखाली येत असतील, तर सावकार कर्जाला नाही का म्हणेल?

१९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारनं डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची चौकशी करवली. मोखाडा पेटा इंग्रजी मुलखात, म्हणून तो त्या भागांत मोडत होता. शेजारचं जव्हार मुकणे राजांचं संस्थान, म्हणून त्या कक्षेबाहेर. अहवालानं लग्नगड्यांची स्थिती स्वच्छ शब्दांत मांडली; पण अहवालानं कुणाची सुटका होत नसते.

ती झाली १९४५ मध्ये, आणि सुरुवात मोखाड्यात नव्हे, खाली तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात झाली. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेला थोडे वारली गेले होते. मे महिन्यात झरीला हजारोंनी जमून त्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. किसान चळवळीतले शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या बरोबर होते. गोदाताईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लग्नगड्यांच्या मुक्तीची हकिकत सविस्तर आहे. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाचजण मेले. तरी मोकळे झालेले लग्नगडी पुन्हा सावकाराच्या दारी गेले नाहीत.

वेठबिगारी बंद करणारा देशभराचा कायदा १९७६ चा. तोवर लग्नगडी हा शब्द पुसट झाला होता, व्यवहार तेवढा राहिला. आज दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्यातली बरीच आधी उचल घेऊन. उचल कशासाठी? आजारपणासाठी, घरासाठी, पुष्कळदा लग्नासाठी. आणि भट्टीवर जातात ती नवरा-बायको दोघंही.

यातून वाट काढायची एक रीत पाड्यांनी कधीचीच धरली आहे. आधी एकत्र राहायचं, संसार मांडायचा आणि हाती पैसा आला की लग्न लावायचं. शहरातल्या वर्तमानपत्रांना सामुदायिक विवाहात बोहल्यावर उभ्या असलेल्या लेकुरवाळ्या जोडप्यांचं नवल वाटतं. मांडवात कुणाला वाटत नाही. आईबापाच्या लग्नात पोरं पंगतीत बसतात, दुसऱ्यांदा भात मागून घेतात.